मुक्तस्रोताची पहिली परीक्षा

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त काढलेल्या काशीच्या अभ्याससहलीत, बालाजी घाटावर एका माजी विद्यार्थ्याने शिक्षक, पालक व इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



हीरक महोत्सवी वर्षात आपली शाळा काशीस आली आणि मला बोलण्यास सांगितले, हा मी माझा गौरव समजतो. विषय मात्र मुख्याध्यापिका बाईंनीच ठरवून दिला. शाळेत येत्या वर्षापासून मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या मूलभूत संकल्पनांवर एक प्रारंभिक परीक्षा घ्यावयाची आहे. ती कशी असावी, हे सांगावे, असा त्यांचा आदेश आहे. गंगेच्या काठी बसून संगणकाच्या प्रश्नपत्रिकेविषयी बोलणे कोणास विजोड वाटेल. परंतु ज्या पायऱ्यांवर आपण बसलो आहोत, त्या पाहिल्या की तसे वाटण्याचे कारण उरत नाही.

हा बालाजी घाट पेशवाईशी नाते सांगणारा. इथून उत्तरेकडे गेले की पंचगंगा, दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट लागतात. तिथल्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे राहत आली आहेत. दक्षिणेकडे नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, शिंद्यांचा घाट आहे आणि त्यापलीकडे मणिकर्णिका. याच घाटावरच्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे शहनाईचा रियाज केला. रागाचे व्याकरण सर्वांना खुले असते. कोणीही ते शिकावे, आपल्या बुद्धीने त्यात भर घालावी आणि गुरूचे नाव घेऊन पुढच्याला द्यावे, ही ती रीत. विद्या खुली ठेवायची की कुलुपात, हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. संगणकाने तो फक्त पुन्हा विचारला आहे.

आख्यायिका अशी सांगतात, की मिथिलेतील नैयायिक आपल्या न्यायग्रंथांची नक्कल बाहेर नेऊ देत नसत. तेव्हा बंगालच्या वासुदेव सार्वभौमांनी ग्रंथ मुखोद्गत करून नेला आणि नवद्वीपास न्यायाची परंपरा उभी केली. कथा खरी असो वा रचलेली, तिच्यातील ताण खरा आहे. एका बाजूस ग्रंथ राखणारे आणि दुसऱ्या बाजूस तो पुढे नेणारे. मुक्तस्रोताची चळवळ हा याच ताणाचा आजचा अध्याय आहे.

शाळेला ही परीक्षा का हवी?

आधी पणाला काय लागले आहे, ते सांगतो. साठ वर्षांपूर्वीचे हजेरीपट, निकालाची रजिस्टरे आणि हस्तलिखित अंक कोणत्याही शाळेच्या कपाटातून काढले, तर आजही वाचता येतात. शाई फिकी झालेली असते, कागद पिवळा पडलेला असतो, पण मजकूर हाती लागतो. त्याच शाळेतील पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर जुळवलेली एखादी स्मरणिका उघडून पाहावी. तो विशिष्ट फॉन्ट आणि ते विशिष्ट सॉफ्टवेअर नसेल, तर पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे व चिन्हे यांची खिचडी दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो. तो उघडण्याची किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात राहिलेली असते.

देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच स्थान मिळाले होते. तरीही आपल्याकडच्या छपाईत त्यानंतर अनेक वर्षे प्रत्येक फॉन्टची संकेतरचना निराळी राहिली. खुली मानके आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. मानक म्हणजे सर्वांनी मान्य केलेला, प्रसिद्ध केलेला नियम. सॉफ्टवेअर म्हणजे त्या नियमाप्रमाणे काम करणारी आज्ञावली. पण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. माझ्या शाळेचे लेखन माझ्या हाती राहणार की नाही? ज्या मुलाला हा प्रश्न नववीत कळला, तो पुढे वकील होवो, ग्रामसेवक होवो, छापखाना चालवो वा डॉक्टर होवो, त्याला तो उपयोगी पडेल. म्हणून ही परीक्षा केवळ संगणकतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्यांसाठी नसावी.

संकल्पना कोणती तपासायची?

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्यातून पुढे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याची चार स्वातंत्र्ये मांडली गेली. आज्ञावली कोणत्याही हेतूने चालवण्याचे, ती कशी चालते हे पाहून तिच्यात बदल करण्याचे, तिच्या प्रती दुसऱ्यास देण्याचे आणि आपण सुधारलेली आवृत्ती वाटण्याचे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोग १९९८ साली रूढ झाला. इतका इतिहास पुरे. सनावळ्या विचारून विद्यार्थ्यांना घामाघूम करणे हा आपला हेतू नाही.

इथे मराठी विद्यार्थ्याला एक सोय आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात स्वातंत्र्य आणि फुकटपणा असे दोन्ही अर्थ असल्याने तिकडच्या मंडळींना गेली चाळीस वर्षे खुलासा करीत बसावे लागले आहे. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन निराळे शब्द आहेत. मोफत मिळालेली वस्तू मुक्त असेलच असे नाही. मोबाइलवरची कितीतरी ॲप पैसे न देता मिळतात, पण त्यांची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, कोणास पाहता येत नाही. उलट मुक्त वस्तू विकतही मिळू शकते. जी गोष्ट भाषेनेच वेगळी करून ठेवली आहे, ती मुलांना पहिल्या तासाला समजते. परीक्षेने तिचा लाभ घ्यावा.

आधी कोणी काय केले आहे?

आराखडा करताना कोऱ्या पाटीवरून आरंभ करण्याची आवश्यकता नाही. १९९९ साली स्थापन झालेली लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट ही संस्था ‘ओपन सोर्स इसेन्शियल्स’ नावाची प्रारंभिक परीक्षा घेते. तिच्यात चाळीस प्रश्न असून वेळ साठ मिनिटांचा असतो. सॉफ्टवेअरची मूलतत्त्वे, सॉफ्टवेअरचे परवाने, खुल्या मजकुराचे परवाने, व्यवसायाच्या पद्धती, प्रकल्पांचे व्यवस्थापन आणि सहकार्य व संवाद असे तिचे विभाग आहेत. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की आज्ञा टंकण्याच्या कौशल्याला तिथे मध्यवर्ती स्थान नाही. परवाना, व्यवहार आणि सहकार्य यांचे आकलन तिथे तपासले जाते.

आपल्या देशात केरळने ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाद्वारे या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारी व अनुदानित शाळांचे संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले आणि दहावीच्या परीक्षेतही या विषयाला स्थान दिले. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत केले असून त्यांवर चाचण्याही घेतल्या जातात. हे पाठ आपल्या वर्गात आजही वापरता येतील. म्हणजे शिकवण्याचे साधन आहे आणि परीक्षेचा नमुनाही आहे. आपल्याला हवी आहे ती मराठी माध्यमाच्या नववीतील मुलामुलींना मानवेल अशी रचना.

प्रश्नांची वाटणी

माझी सूचना अशी. चाळीस प्रश्न, साठ मिनिटे. त्यांपैकी आठ प्रश्न मूलतत्त्वांवर असावेत: मूळ संहिता म्हणजे काय, संगणकाला समजणारी तयार आज्ञावली म्हणजे काय, ऑपरेटिंग सिस्टिमचे काम कोणते. दहा प्रश्न परवान्यांवर, सहा प्रश्न चित्रे, लेख, फॉन्ट यांसारख्या खुल्या मजकुरावर, सहा प्रश्न ‘फुकट देऊन पोट कसे भरते’ या व्यवहाराच्या भागावर, आणि उरलेले दहा सहकार्यावर. परवाने आणि सहकार्य यांना सर्वांत जास्त वजन देण्याचे कारण हे, की मुक्तस्रोताचे मर्म त्या दोन गोष्टींत आहे. परवाना हक्क देतो आणि सहकार्य त्या हक्काचा उपयोग करते.

वाटणी ठरली की ती कागदावर लिहून शिक्षकांनी सही करावी. प्रश्न काढणारा मनुष्य आपल्या आवडीच्या भागाकडे झुकतो. ज्याला लिनक्स आवडते तो वीस प्रश्न लिनक्सचेच काढतो. पूर्वलिखित वाटणी हा त्या झुकण्यावरचा लगाम आहे.

चांगला प्रश्न आणि वाईट प्रश्न

आधी वाईट प्रश्नाचा नमुना पाहू. ‘ग्नू सार्वजनिक परवान्याची तिसरी आवृत्ती कोणत्या साली प्रसिद्ध झाली?’ उत्तर २००७. हे उत्तर आले म्हणून परवाना समजला असे होत नाही आणि आले नाही म्हणून समजला नाही असेही होत नाही. असा प्रश्न फक्त आदल्या रात्रीचे पाठांतर मोजतो.

आता दुसरा प्रश्न पाहा. ‘एका दुकानदाराने ग्नू सार्वजनिक परवान्याखालील सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर भरून दोनशे रुपयांस विकले. त्याने परवान्याचा भंग केला काय?’ पर्याय चार. पहिला: होय, कारण मुक्त सॉफ्टवेअर विकता येत नाही. दुसरा: होय, कारण मूळ लेखकाची लेखी परवानगी घेतली नाही. तिसरा: नाही, मात्र घेणाऱ्याला मूळ संहिता व तेच हक्क मिळाले पाहिजेत. चौथा: नाही, आणि घेणाऱ्याप्रत त्याचे कोणतेच दायित्व नाही. बरोबर उत्तर तिसरे. चुकीचे तीन पर्याय कसे निवडले, ते शिक्षकांनी पाहावे. प्रत्येक पर्याय म्हणजे एक खरा गैरसमज आहे. पहिला पर्याय निवडणाऱ्याची मुक्त आणि मोफत यांत गल्लत झाली आहे, दुसरा निवडणाऱ्याला परवाना ही आगाऊ दिलेली परवानगीच असते हे कळलेले नाही, आणि चौथा निवडणाऱ्याला हक्कांबरोबर कर्तव्ये येतात हे ठाऊक नाही. अशा प्रश्नाचे उत्तर चुकले तरी शिक्षकाला काही कळते. ज्या प्रश्नाचे चुकीचे पर्याय हास्यास्पद असतात, त्याचे उत्तर बरोबर आले तरी काही कळत नाही.

तिसरा नमुना शाळेच्या घरचाच. ‘ग्नू सार्वजनिक परवान्याखालील वेळापत्रकाची आज्ञावली शाळेने आपल्या सोयीने बदलली आणि फक्त शाळेतच वापरली. तो बदल प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे काय?’ उत्तर, नाही. ‘तीच बदललेली आज्ञावली शेजारच्या शाळेला दिली, तर?’ तर त्या शाळेला बदलांसह मूळ संहिता मिळण्याचा हक्क आहे. घरात वापरणे आणि दुसऱ्याला देणे यांतील भेद विद्यार्थ्याला कळला, की हा परवाना त्याला बराचसा कळला. एमआयटीसारख्या सैल परवान्यांत अशी अट नसते. तिथे मुख्यतः मूळ लेखकाची कॉपीराइट-सूचना आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवला म्हणजे पुरते. ही तुलना प्रारंभिक परीक्षेस पुरेशी आहे, त्याहून खोल जाऊ नये.

चौथा प्रश्न मोठ्यांनाही चकवणारा. ‘एका संकेतस्थळावर एक आज्ञावली संहितेसह सर्वांना दिसते आहे, पण तिथे कोणताही परवाना लिहिलेला नाही. ती मुक्तस्रोत आहे काय?’ नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृतींत मोडते आणि कृती निर्माण होताच हक्क लेखकाकडे येतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. दिसते म्हणून आपले होत नाही. दाराला कुलूप नाही म्हणून घर धर्मशाळा ठरत नाही, असे आपल्या आज्या सांगत. कायदा तेच सांगतो.

खुल्या मजकुराच्या भागासाठी याच स्मरणिकेचे उदाहरण घ्यावे. विकिमीडिया कॉमन्सवरून या घाटाचे एखादे छायाचित्र आपण घेतले आणि त्यावर ‘श्रेय द्या व समान परवाना ठेवा’ या अटींचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असला, तर आपण छायाचित्रकाराचे नाव, परवान्याचे नाव आणि केलेला बदल लिहिला पाहिजे. आणि एक आकडा विद्यार्थ्यांना खास आवडेल. आपली शाळा साठ वर्षांची झाली; आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर कॉपीराइटची मुदतही साठ वर्षांचीच आहे. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. गणना पुढील वर्षाच्या आरंभापासून होते, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून सर्वांची झाली. हे गणित चौथीतल्या वजाबाकीचे आहे, पण त्यात सार्वजनिक मालकीची अख्खी कल्पना येते.

नाथांचा प्रश्न

सहकार्याच्या विभागातील एक प्रश्न मला इथेच सुचला, आणि त्याचे श्रेय या नगरीला आहे. एकनाथ महाराजांनी आपले भागवत पैठणास आरंभिले आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, याच वाराणसीत पुरे केले. संस्कृतातील विद्या मराठीत खुली करणे हे काम काशीच्या पंडितांना रुचले नाही, असे परंपरा सांगते. पुढे शके १५०६ मध्ये त्याच नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीन शतकांत लेखकांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी काढून टाकले आणि यापुढे कोणी आपली ओवी या ग्रंथात घालू नये, असे बजावले.

आता प्रश्न असा. विद्या खुली करणारे नाथ ग्रंथाला हात लावू नका असे सांगतात, ही विसंगती आहे काय? मुक्तस्रोत समजलेला विद्यार्थी म्हणेल, नाही. मुक्तस्रोताविषयी सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज हाच, की कोणीही उठावे आणि मूळ प्रतीत बदल करावा. वस्तुतः प्रत्येकाला आपल्या प्रतीत बदल करण्याचा हक्क असतो. मुख्य प्रतीत काय जावे, हे ती सांभाळणारे लोक तपासून ठरवतात. बदल पसंत पडला तर मुख्य प्रवाहात येतो, नाही तर स्वतःची शाखा काढून वेगळ्या नावाने पुढे जाण्याची मोकळीक असते. ओपनऑफिसमधून २०१० साली लिबरऑफिस अशाच रीतीने वेगळे झाले. ज्ञानेश्वरीवर ज्याला स्वतःचे काही सांगायचे होते, त्याने स्वतंत्र टीका लिहिली. नाथांनी अडवले ते ज्ञानदेवांच्या नावावर आपली ओवी खपवण्याला. कोणती ओळ कोणाची, कधी आली, कोणी स्वीकारली, याची नोंद ठेवण्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ‘गिट’ हे साधन केले. नाथांना ते काम पोथ्या समोर मांडून करावे लागले.

परीक्षा जाहिरात होऊ नये

शिक्षकांना एक सावधगिरीची सूचना. मुक्तस्रोत म्हणजे सर्व काही चांगले आणि बंदिस्त म्हणजे सर्व काही वाईट, असे उत्तर अपेक्षिणारे प्रश्न काढू नयेत. संहिता उघडी आहे म्हणून ती कोणी वाचतेच असे नाही. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाची त्रुटी उघडकीस आली. इंटरनेटवरील सुरक्षित देवघेवीचा मोठा भाग ज्या ओपनएसएसएल या मुक्तस्रोत आज्ञावलीवर उभा होता, तिच्यात ती दोन वर्षे दडून राहिली होती. २०२४ साली ‘एक्सझेड’ या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणीतरी हेतुपुरस्सर चोरदरवाजा घातल्याचे आढळले. ते साधन मुख्यतः एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता आणि मदतनीस म्हणून आलेल्याने त्याचा विश्वास संपादन केला होता. पण त्याच कथेचा दुसरा अर्धा भागही सांगावा. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्याने संहिता व फाइली उकलून पाहिल्या आणि तो कट उघडकीस आणला. उकलून पाहण्याची मुभा होती म्हणूनच हे शक्य झाले. ‘मुक्तस्रोताने सुरक्षितता आपोआप येते काय?’ या प्रश्नाचे उत्तर असे, की तपासण्याची संधी येते. तपासणारा माणूस मात्र कोणीतरी पोसावा लागतो. व्यवहाराच्या विभागातले सहा प्रश्न याच धाग्यावर गुंफता येतील. सेवा विकणे, प्रशिक्षण देणे, देणग्या, कंपन्यांनी पगारी माणसे देणे, हे सारे त्या पोसण्याचे मार्ग आहेत.

भाषा

प्रश्नपत्रिका मराठीत असावी, पण मराठी कृत्रिम नसावी. ‘फाइल’, ‘सॉफ्टवेअर’, ‘पासवर्ड’ हे शब्द मुलांच्या तोंडी रुळलेले आहेत. त्यांना हुसकावून लावल्यास परीक्षा संगणकाची न राहता शब्दकोशाची होईल. उलट ‘परवाना’, ‘हक्क’, ‘श्रेय’, ‘प्रत’, ‘शाखा’ हे शब्द मराठीत जिवंत आहेत आणि नेमके आहेत, ते वापरावेत. नकारात दोन नकार घालू नयेत. ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही’ असा प्रश्न विचारला, की मुक्तस्रोत कळलेले मूलही व्याकरणात अडखळून पडते. ज्याची ही पहिलीच अशी परीक्षा आहे, त्याला ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे वाटले, तर आपण एक गुण कापला नाही, एक मार्ग बंद केला. प्रश्नपत्रिका मात्र मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्येच जुळवावी. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्ता’ किंवा ‘लोहित’ वापरावा, म्हणजे कागदही आपल्या विषयाशी प्रामाणिक राहील.

चाचणी आणि आकडे

प्रश्न चांगला की वाईट, हे शेवटी विद्यार्थीच ठरवतात. म्हणून आधी एका तुकडीवर चाचणी घ्यावी. समजा साठ मुले बसली. त्यांना एकूण गुणांनी उतरत्या क्रमाने लावावे आणि वरची सोळा व खालची सोळा वेगळी काढावीत. सुमारे सत्तावीस टक्क्यांचा हा गट ट्रूमन केली या अभ्यासकाने १९३९ साली सुचवला होता. आता एक प्रश्न घ्या. वरच्या गटातील चौदा मुलांना तो आला, खालच्या गटातील सहा मुलांना आला. फरक आठ, आठला सोळाने भागले की अर्धा. हा प्रश्न उत्तम भेद करतो. जर वरच्यांतील सात आणि खालच्यांतील नऊ मुलांना उत्तर आले, तर हुशार मुले जिथे अडखळली तिथे प्रश्नातच काहीतरी संदिग्ध आहे असे समजून तो परत लिहावा.

उत्तीर्ण होण्याची मर्यादाही विचाराने ठरवावी. चार पर्यायांचे चाळीस प्रश्न डोळे मिटून सोडवले, तरी सरासरी दहा बरोबर येतात. तेव्हा दहा गुण हे ज्ञानाचे शून्य धरावे. चोवीस गुणांची मर्यादा मला प्रारंभिक परीक्षेस योग्य वाटते. चुकीसाठी गुण कापू नयेत. नवशिक्याने धाडसाने उत्तर देणे हेच आपल्याला हवे आहे.

शलाका

आता सर्वांत वादाचा मुद्दा. माझे म्हणणे असे, की या परीक्षेचे सर्व प्रश्न वर्षाच्या आरंभीच प्रसिद्ध करावेत. ‘मग परीक्षा कसली?’ असे आपण विचाराल. संस्कृत पाठशाळांतील शलाकापरीक्षेत ग्रंथाच्या पानांत एक काडी घालीत, ती ज्या पानावर लागे ते पान विद्यार्थ्याने उलगडून दाखवायचे. ग्रंथ सर्वांना माहीत असे. गुप्त असे ते केवळ काडी कोठे लागेल एवढेच. विद्यार्थ्याला एकच उपाय उरे, संपूर्ण ग्रंथ समजून घेण्याचा.

आपण चारशे प्रश्नांची पेढी करू. शिक्षक करतील, माजी विद्यार्थी करतील, दहावीतील मुलेही करतील. प्रत्येक प्रश्नाखाली लिहिणाऱ्याचे नाव आणि शेवटी सुधारणा करणाऱ्याचे नाव राहील. त्या पेढीला क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना देऊ. परीक्षेच्या दिवशी संगणक ठरलेल्या वाटणीप्रमाणे चाळीस प्रश्न काढील. हीच आपली शलाका. ज्याने चारशेही प्रश्न त्यांच्या कारणांसह समजून घेतले, त्याने विषयच समजून घेतला. त्याला आपण लबाड म्हणू शकत नाही. दुसऱ्या शाळेला ही पेढी हवी असल्यास ती घेईल, तिच्यात भर घालील. एखादा प्रश्न चुकला असेल तर त्या शाळेतील मुलगी आपल्याला लिहील आणि तिचे नाव आपल्या पेढीत लागेल. गुप्त प्रश्नपत्रिकेतील चूक परीक्षेच्या दिवशी सापडते; उघड्या पेढीतील चूक त्याआधी सापडण्याची संधी असते.

आणखी एक अडचण उरते. परीक्षेत नक्कल हा गुन्हा आहे आणि मुक्तस्रोतात नक्कल करणे हा हक्क आहे. मुले हे विचारणारच. त्यांना उत्तर द्यावे, की नक्कल वाईट नसते, नाव पुसून केलेली नक्कल वाईट असते. म्हणून लेखी चाळीस गुणांबरोबर दहा गुणांचे एक सामूहिक काम ठेवावे. तिघांच्या गटाने मराठी विकिपीडियावर आपल्या गावासंबंधी एखाद्या लेखात संदर्भासह भर घालावी, किंवा एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरमधील दहा वाक्यांचे मराठी भाषांतर सुधारावे. कोणी काय केले, ते बदलांच्या इतिहासात दिसतेच. तिथे एकमेकांचे पाहून लिहिण्यास पूर्ण मोकळीक आहे, अट एकच, ज्याचे घेतले त्याचे नाव घेणे.

शाळेने साठ वर्षे विद्या दिली, आणि ती देताना कोणाकडून ‘पुढे कोणास देऊ नकोस’ असे वचन घेतले नाही. मी जे शिकलो, ते त्यामुळेच आज तुमच्यासमोर ठेवू शकलो. या पेढीचे पहिले वीस प्रश्न मी लिहून आणले आहेत आणि ते बाईंच्या स्वाधीन करीत आहे. त्यांतील उणिवा नववीच्या विद्यार्थ्यांनी शोधाव्यात, हीच माझी त्यांना पहिली परीक्षा. उरलेले तीनशे ऐंशी आपण सर्वांनी मिळून पुढच्या जूनच्या आत पुरे करावेत, अशी विनंती करतो.